वाळूची आंघोळ

पुण्यात काचेच्या टाकीत पाणवनस्पती लावायच्या, तर पहिलं काम बादलीतलं. वाळू थोडी थोडी घ्यायची, हाताने ढवळायची, गढूळ पाणी ओतून द्यायचं, नितळ दिसेपर्यंत. साबण अजिबात नको.

इथला खडक बेसाल्टचा. त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात, काही झिओलाइटचे, काही कॅल्साइटचे. व्हिनेगरचे थेंब पडताच या खडकाची खडी कॅल्साइटमुळे फसफसली, तर ती टाकीतलं पाणी जड करणार. अशी खडी बागेत बरी!

वाळूऐवजी तळाशी घालायच्या हलक्या भाजलेल्या मातीच्या गोळ्या चोळल्या की चिखलच. त्या न धुताच घालाव्यात.

सह्याद्रीतल्या नद्यांत क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरालिस ही पाणवनस्पती दगड-वाळूत घट्ट मुळं रोवते, गाळातून अन्न घेते. धुतलेल्या वाळूत ते नसतं, म्हणून मुळांशी खताची गोळी पुरावी लागते.