ऐकणाऱ्याचा वेग

गेल्या नोव्हेंबरात पूर्व युरोपातल्या एका स्टेशनाने माझी कॉलसाइन लागोपाठ चार वेळा विचारली. पहिल्यांदा निम्मीच कळली, दुसऱ्यांदा शेवटचं अक्षर चुकलं, तिसऱ्यांदा मध्येच कुणीतरी घुसलं. चौथ्या खेपेला एकदाची जुळली आणि त्याच दमात त्याने मला रिपोर्ट दिला: ५९९. म्हणजे वाचनीयता पाचपैकी पाच, ताकद नऊपैकी नऊ, स्वर नऊपैकी नऊ. याहून स्वच्छ सिग्नल असूच शकत नाही. मीही त्याला ५९९ दिलं, कारण स्पर्धेत दुसरं काही द्यायची रीतच नाही. तापाने फणफणलेला माणूस दारात भेटला तरी 'काय, बरंय ना?' या प्रश्नाला 'बरंय' म्हणतो, तसंच हे.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सरकारी परवाना घेऊन हौसेखातर रेडिओ चालवणाऱ्या हॅम मंडळींच्या स्पर्धा वर्षभर सुरू असतात. 'सीक्यू वर्ल्ड वाइड' ही त्यांतली मानाची. तिची मोर्सची फेरी नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होते. आपल्या घड्याळात ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. या ४८ तासांत जगभरातली जास्तीत जास्त स्टेशनं, जास्तीत जास्त देश आणि झोन गाठायचे. जगाचे ४० झोन पाडलेले आहेत. आपण बाविसाव्यात, अंदमान तेवढं सव्विसाव्यात. प्रत्येक संपर्कात द्यायचं-घ्यायचं काय, तर कॉलसाइन म्हणजे स्टेशनाचं ओळखनाव, ते ५९९ आणि झोनचा आकडा. बस. हवापाणी नाही, नावगाव नाही.

आता वेगाबद्दल. मोर्सचा वेग मिनिटाला किती शब्द असा मोजतात आणि मापाचा शब्द आहे 'पॅरिस'. इंग्रजी अक्षरांत तो मोर्समध्ये पाठवला की मधल्या-शेवटच्या विश्रांतीसकट बरोबर ५० मात्रा भरतात. शाळेत वृत्तं शिकलेल्या मराठी माणसाला हे लगेच कळावं. टिंब म्हणजे लघू, त्याची एक मात्रा. रेघ म्हणजे गुरू, पण त्याच्या इथे दोन नव्हे, तीन. अक्षरांच्या मध्ये तीन मात्रा थांबायचं, शब्दांच्या मध्ये सात. मिनिटाला २० शब्द असतील तर एक मात्रा ६० मिलिसेकंदांची होते, ३५ शब्द असतील तर जेमतेम ३४ मिलिसेकंदांची. आपल्याकडे रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याला मोर्स लागत नाही. जनरल ग्रेडच्या परीक्षेत वेग होता मिनिटाला ८ शब्द, म्हणजे मात्रा दीडशे मिलिसेकंदांची. ती परीक्षा देऊन आलेला माणूस शनिवारी सकाळी रेडिओ लावतो आणि त्याच्या कानावर चौपट वेगाचा पाऊस कोसळतो. माझ्यावर कोसळला होता. पहिली दोन वर्षं मी स्पर्धा नुसती ऐकली. हाक मारायची हिंमत झाली नाही.

अशा वेळी काय करायचं याचा शिष्टाचार जुना आहे आणि कोणालाही पटण्यासारखा. उत्तर देणाऱ्याने हाक मारणाऱ्याच्या वेगाने उत्तर द्यावं. तेवढं जमत नसेल तर आपल्या वेगाने द्यावं, आणि मग हाक मारणाऱ्याने खाली उतरावं. 'हळू पाठवा' यासाठी क्यूआरएस हा संकेत तर जहाजांच्या रेडिओच्या काळापासून चालत आलेला आहे. दुसरा अलिखित नियम असा की जेवढं ऐकता येतं त्यापेक्षा वेगाने पाठवू नये. पाठवणं सोपं आहे, आता तर फारच सोपं. स्पर्धेत हाताने फारसं कुणी पाठवत नाही. संदेश संगणकात भरून ठेवलेले असतात, एक बटण दाबलं की निघतात. वेग वाढवायला पेज अप, कमी करायला पेज डाउन. शिष्टाचाराची सगळी किंमत आज एवढीच आहे: एक बटण.

तरी ते दाबलं जात नाही. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: वेळ जातो.

जातो किती, ते मी एकदा वही घेऊन मांडलं. स्पर्धेत ५९९ असं पुरं कुणी पाठवत नाही. नऊच्या लांबलचक आकड्याऐवजी एन हे अक्षर वापरतात आणि ते 'फाइव्ह एन एन' होतं. पुऱ्या ५९९ च्या मात्रा ४९, फाइव्ह एन एनच्या २५. मिनिटाला ३० शब्दांच्या वेगात हा फरक जवळजवळ एक सेकंदाचा. हजार संपर्क झाले तर १६ मिनिटं वाचली, आणि तीही ऐकणाऱ्याला कसलाही त्रास न देता, कारण त्या आकड्याकडे कोणी कान देतच नाही. ही काटकसर मला मान्य आहे. आता वेग वाढवून काय वाचतं ते पाहू. 'फाइव्ह एन एन, २२' एवढा मजकूर ६५ मात्रांचा आहे. २० शब्दांच्या वेगाने त्याला ३.९ सेकंद लागतात, ३५ च्या वेगाने २.२. वाचले पावणेदोन सेकंद. पण समोरच्याला कळलं नाही आणि त्याने आपल्या २० च्या वेगाने 'पुन्हा?' विचारलं, की त्या विचारण्याला अडीच सेकंद, पुन्हा पाठवायला सव्वादोन आणि अदलाबदलीत सांडणारा क्षण. पाच सेकंद गेले. तिघांत एकाने जरी पुन्हा विचारलं तरी तिघांवर मिळून वाचवलेलं सगळं धुऊन निघतं. त्यात कॉलसाइन चुकीची नोंदवली गेली तर या स्पर्धेत तो संपर्क तर जातोच, वर त्याच्या दुप्पट गुण कापले जातात. घाईची ही अशी वसुली होते. तेव्हा वेळेचा हिशेब हे कारण पुरं नाही. त्याच्या तळाशी दुसरं काहीतरी आहे, आणि ते जुनं आहे.

एडिसन तरुणपणी तारमास्तर होता. त्याने स्वतः सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे. १८६८ मध्ये तो बॉस्टनच्या तार कचेरीत नोकरीला लागला, तेव्हा त्याच्या गबाळ्या कपड्यांकडे पाहून तिथल्यांनी त्याची गंमत करायचं ठरवलं. न्यूयॉर्कहून सगळ्यात वेगवान माणूस त्याच्या तारेवर बसवला. त्याने हळू सुरुवात करून वेग चढवत नेला, अक्षरं एकमेकांत मिसळली, हरतऱ्हेने छळलं. एडिसन शांतपणे उतरवून घेत राहिला आणि शेवटी तारेवरूनच म्हणाला की बाबा रे, आता जरा दुसऱ्या पायाने पाठव. किस्सा गोड आहे, पण त्यात काय दडलंय पाहा. ही तारमास्तरांची रॅगिंग होती. अमेरिकेतल्या लाइनवर ऐकणाऱ्याला आपली कळ उघडून पाठवणाऱ्याला मध्येच थांबवता येत असे. ब्रेक त्याच्या हातात होता. तो दाबणं मात्र कमीपणाचं मानलं जाई. म्हणजे वेग ठरवायचा अधिकार ऐकणाऱ्याचा, आणि तो वापरला की लाजायचंही त्यानेच. आजच्या नवख्याला क्यूआरएस पाठवताना नेमकी हीच लाज वाटते.

आणि तरीही या विद्येत मान कायम ऐकणाऱ्याला मिळाला आहे, हेही विसरू नये. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅशव्हिल इथे टेड मॅकएलरॉयने मिनिटाला ७५.२ शब्दांचा विक्रम केला, तो पाठवण्याचा नव्हे, ऐकून टंकलेखन यंत्रावर उतरवण्याचा. त्या वेगात एक मात्रा १६ मिलिसेकंदांची होते. यंत्राने कितीही वेगाने पाठवता येतं, त्यात पुरुषार्थ कसला?

वेगवान मंडळींची बाजूही ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. ते म्हणतात, स्पर्धा ही शिकवणी नव्हे. शिकायला वेगळ्या जागा आहेत: दर आठवड्याला २० शब्दांच्या मर्यादेत होणाऱ्या छोट्या स्पर्धा आहेत, फुकट शिकवणारे क्लब आहेत. शिवाय या स्पर्धेत ऐकायचं असतं तरी काय? ५९९ ठरलेलं, झोनचा आकडा देशावरून ओळखता येतो. उरली कॉलसाइन. ती स्टेशन पुन्हा पुन्हा पाठवत असतं. हाक मारण्यापूर्वी तीन-चार वेळा ऐकायला कोणाची आडकाठी आहे? आणि स्वतःची कॉलसाइन तर अक्षरं न मोजता, चाल ओळखावी तशी कोणत्याही वेगात ओळखू येते. हे सगळं खरं आहे. मी स्वतः असाच शिकलो, आणि दोन वर्षं गप्प बसण्यात माझा भित्रेपणा जास्त होता हेही कबूल. इतकंच नाही, पुढे माझा वेग २८ पर्यंत गेला तेव्हा चाचपडत हाक मारणाऱ्या कुणा नवख्यावर मी मनातल्या मनात वैतागलोही आहे. वेग अंगात आला की त्याच्याबरोबर हाही गुण येतो.

पण या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि माझ्या मते गेल्या पंधरा-सोळा वर्षांत तीच बदलली. पूर्वी फार वेगाने हाक मारणाऱ्याला त्याची शिक्षा तिथल्या तिथे मिळत असे: कोणी उत्तरच देत नसे. ज्यांना कळायचं नाही ते डायल फिरवून पुढे जात. बाजारात भाव फार चढा लावला की गिऱ्हाईक फिरकत नाही, तसं. दुकान चालवायचं तर चार पायऱ्या उतराव्याच लागत. म्हणजे शिष्टाचाराच्या पाठीशी गरज उभी होती.

२००८ च्या सुमारास 'सीडब्ल्यू स्किमर' नावाचा प्रोग्रॅम आला. तो एकाच वेळी बँडवरचे शेकडो मोर्स सिग्नल वाचतो. त्याच्या जोरावर 'रिव्हर्स बीकन नेटवर्क' उभं राहिलं: जगभरातले असे यांत्रिक कान कोण, कुठल्या फ्रीक्वेन्सीवर, किती जोरात आणि मिनिटाला किती शब्दांनी हाक मारतोय हे क्षणात इंटरनेटवर मांडतात. स्पर्धेत ज्या गटांना ही मदत घ्यायची मुभा आहे, त्यांतला माणूस पडद्यावरच्या कॉलसाइनवर क्लिक करतो आणि रेडिओ तिथे जाऊन उभा राहतो. ऐकून ओळखायचं काही उरलंच नाही. हाक मारणाऱ्याच्या बाजूने पाहा: आता ३८ च्या वेगाने पाठवलं तरी यंत्र वाचतं, पाटीवर नाव लागतं आणि गर्दी येते. आणखी पुढची पायरी म्हणजे स्वतःची कॉलसाइनच न पाठवणं. सात-आठ संपर्क उरकतात तरी हे महाशय कोण ते सांगत नाहीत. पाटी वाचून आलेल्यांना ठाऊक असतंच. जो निव्वळ कानावर खेळतोय तो तिथे ताटकळत बसतो, आणि इतका वेळ थांबून कळतं की या स्टेशनाशी आपलं काल रात्रीच बोलणं झालंय.

म्हणून 'चार वेळा ऐकून घ्या' हा सल्ला आता पूर्वीइतका प्रामाणिक राहिला नाही. देणाऱ्याने आपली बाजू सोडली आहे. मोर्समध्ये वेग ही एकट्याची गोष्ट कधीच नव्हती. दोघांनी मिळून ठरवायचा तो सौदा होता, आणि त्यात शेवटचा शब्द ऐकणाऱ्याचा. यंत्राने मध्ये येऊन पाठवणाऱ्याला त्या सौद्यातून मोकळं केलं. गरज गेल्यावर उरलं ते निखळ सौजन्य, ज्याचा लगेच दिसणारा फायदा नाही. मला वेगाची तक्रार नाहीच. पहाटेच्या शांत बँडवर दोन कसलेले लोक ३६ च्या वेगाने एकमेकांना झेलत असतात, ते ऐकताना द्रुत लयीतल्या तबल्याचं सुख मिळतं. पण साथीला बसलेला आपल्याच नादात पुढे निघून गेला तर गवयाने काय करायचं?

गंमत म्हणजे जे खरोखर वरच्या नंबरात येतात, त्यांचा रविवार ऐकण्यासारखा असतो. शनिवारी सगळं जग नवं असतं, रांग लागलेली असते, तेव्हा वेग परवडतो. रविवारी दुपारपर्यंत सगळे बडे एकमेकांना भेटून झालेले असतात. आता नवी कॉलसाइन मिळणार ती फक्त कुणा हौशानवशाची, ज्याने तारेचा अँटेना गच्चीवर बांधलाय आणि जो अजून कचरतोय. मुरलेले ऑपरेटर इथे आपसूक २६-२८ वर उतरतात. अर्धवट मुरलेले त्याच हट्टाने ३६ वर 'सीक्यू टेस्ट' ही स्पर्धेची हाक घोकत राहतात आणि समोर कोणी नसतं.

गेल्या नोव्हेंबरातल्या त्याच स्पर्धेतली सोमवारची पहाट. पाचला दहा-पंधरा मिनिटं होती, युरोपात मध्यरात्र. चाळीस मीटरच्या बँडवर एक मोठं इटालियन स्टेशन ३४ च्या आसपास हाका मारत होतं. मध्येच कुणीतरी हाताच्या कळीवर, लंगडत, बाराच्या वेगाने स्वतःची कॉलसाइन पाठवू लागलं. एक अक्षर चुकलं, थांबला, पहिल्यापासून सुरुवात केली. इटालियनाने मध्ये तोंड घातलं नाही. पुरं होऊ दिलं आणि उत्तर दिलं ते सोळाच्या वेगाने, अक्षरं गोल, मधल्या जागा ऐसपैस. झोनचा आकडा दोनदा. मग 'टीयू', म्हणजे आभार, आणि पुढची हाक पुन्हा ३४ वर.

मी लगेच हाक मारली, माझ्या नेहमीच्या २८ च्या वेगाने. बँड तोवर पडत चालला होता आणि माझं शंभर वॅट त्याच्यापर्यंत कसंबसं पोचत असणार. तिकडून नुसतं प्रश्नचिन्ह आलं. मी पुन्हा तेच बटण दाबलं, त्याच वेगाने. पुन्हा प्रश्नचिन्ह. तेव्हा कुठे माझा हात पेज डाउनकडे गेला.