पडद्यावरचे भय आणि नेवाशाचे अभय

भयपटांचे दिग्दर्शक तुलसी रामसे डिसेंबर २०१८ मध्ये वारले आणि त्यांचे धाकटे भाऊ श्याम रामसे १८ सप्टेंबर २०१९ रोजी. ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) हे या जोडीचे चित्रपट. १९९३ पासून ‘झी हॉरर शो’मुळे त्यांची भुते घरोघरी पोहोचली. त्यांच्या आठवणी काढताना चाहते बोलतात ते पांघरुणाच्या फटीतून पाहिलेल्या प्रसंगांविषयी, रात्री एकट्याने परसाकडे जायला नको वाटण्याविषयी, आणि बोलतात ते मायेने. ज्याने घाबरवले त्याच्याविषयी कृतज्ञता का वाटावी, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे.

रामसे बंधूंना या प्रश्नाचा व्यावहारिक पैलू अपघाताने सापडला. ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ (१९७०) हा त्यांच्या घरचा चित्रपट पडला, पण मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या चोरीच्या प्रसंगाने प्रेक्षक हादरत होते. तेवढे भयच वेगळे काढून महाबळेश्वरात ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) तयार झाला आणि चालला.

ॲरिस्टॉटलच्या मते शोकात्मिका करुणा आणि भय जागवून त्या भावनांचे विरेचन करते. पण विरेचनाने भय निघून जात असेल, तर प्रेक्षक तोच चित्रपट पुन्हा का पाहतो, हे त्यातून उलगडत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने दिलेले उत्तर अधिक खोल आहे. त्याने उदाहरण घेतले ते ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील हरणाचे. दुष्यंताचा रथ पाठीशी आहे, हरीण मान वळवून मागे पाहते आहे, धापेने उघडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर सांडत आहेत. अभिनवगुप्त म्हणतो, येथे प्रेक्षकाला जाणवणारे भय ‘माझे’ नसते आणि ‘त्याचे’ही नसते. व्यवहारात भय नेहमी कोणाचे तरी असते, म्हणून ते टाळण्याची धडपड सुरू होते. नाट्यात देशकालाचे बंधन गळून नुसते भय उरते आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. चाहत्यांची माया या आस्वादाबद्दलची आहे.

रामसेपटांना ही उंची क्वचितच गाठता आली, हे मान्य करावे लागते. बीभत्स रसातून भयानक रस उपजतो असे नाट्यशास्त्रकार भरताने सांगितले. रामसे बहुधा बीभत्सापाशीच थांबले. सडलेले चेहरे आणि रबरी मुखवटे यांनी किळस येते, पण किळस म्हणजे भय नव्हे. दाराबाहेरची चाहूल आणि धुके यांवर त्यांनी भिस्त ठेवली, तेव्हा मात्र ते खरोखर भिववून गेले.

धर्माचा प्रश्न याच्या पुढचा आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी अभयापासून सुरू होते. मग भयाची गोडी लावणारी कला साधकाला मागे खेचते का? या अध्यायावरील ज्ञानदेवांचे निरूपण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशात, प्रवरेकाठी, शके १२१२ मध्ये पूर्ण झाले. त्यांच्या मते महापुरात उडी न घेणाऱ्याला बुडण्याची भीती नसते. तसे कर्मातला अहंकार सोडणाऱ्याला संसाराचे भय नसते. पुढे ते मिठाचा दृष्टांत देतात. पाणी मिठाला बुडवायला येते, तो मीठच पाणी होऊन जाते. दुसरेपण संपले की भय संपते. बृहदारण्यक उपनिषदातही आरंभीचा एकटा पुरुष घाबरतो आणि आपल्याखेरीज दुसरे कोणी नाही हे उमगताच निर्भय होतो.

‘पुराना मंदिर’मध्ये सामरी या राक्षसाचे मुंडके पेटीत बंद आहे आणि त्याला आवर घालणारे बळ त्रिशूळाचे आहे. येथे एका शक्तीवर दुसरी, मोठी शक्ती मात करते. म्हणजे भय मागे सरते, पण भिणारा आणि भिवविणारा हे द्वैत शाबूत राहते. हा दिलासा खरा असला तरी त्याला अभय म्हणता येत नाही. तरीही असा चित्रपट अभयाच्या आड येतोच असे नाही. ज्या भयाला धनी नाही ते अहंकाराला चिकटत नाही.

धोका उद्भवतो तो या भयाला पुन्हा धनी मिळाला की. बाधा उतरवण्यासाठी आजारी माणसाला नाथांच्या ठाण्यावर नेण्याची रूढी नेवाशाच्या अहिल्यानगर जिल्ह्यातही जुनी आहे. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची समाधी आहे. नाथांवरची श्रद्धा वेगळी आणि भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण वेगळी. पहिलीत माणसाला आधार मिळतो. दुसरीत मानसिक आजाराच्या रुग्णाला, पुष्कळदा एखाद्या बाईला, पडद्यावरच्या चेटकिणीची जागा दिली जाते आणि उपचार राहून जातात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणे, मारणे, चटके देणे हे त्यानुसार गुन्हे असून त्यांना सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.