पुस्तिका आणि चाल

भावुक कादंबरी वाचून संपली तरी तिने जागवलेली भावना संपत नाही. ती गळ्यात उतरू पाहते. ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५२ मध्ये ग्रंथरूपाने निघाली आणि त्याच वर्षी ईव्हा या बालिकेवरील गाणी स्वरलिपीसह छापली गेली. अशी छापील गाणी जमवणारे तिकडे पुष्कळ आहेत.

आपल्याकडे हे काम चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकेने केले. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभातने १९३७ साली ‘कुंकू’ काढला. पदे शांताराम आठवल्यांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. पुस्तिकेत कथासार असे, पदे असत; स्वरलेखन मात्र नसे. शब्द कागदावर, चाल स्मरणात. संहिता वाचकाने पूर्ण करावयाची असते, हे आपण वर्गात सिद्धांत म्हणून शिकवतो. येथे ते अक्षरशः घडत होते.

पनवेलच्या एका रद्दीच्या दुकानात मला ‘कुंकू’ची पुस्तिका मिळाली. पदांच्या ओळींवर पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या, काही अक्षरांखाली टिंबे होती. प्रत ‘स्वच्छ’ व्हावी म्हणून मी त्या खोडरबराने पुसल्या. पुढे शेजारच्या आजींना पुस्तिका दाखवली. गुणगुणता गुणगुणता त्या मध्येच थबकल्या आणि म्हणाल्या, “इथं श्वास घ्यायचा असतो, सर.” छापणाऱ्याने न दिलेले स्वरलेखन कोणीतरी स्वतःपुरते केले होते, आणि ते मी नाहीसे केले होते.

संग्राहक वस्तूला उपयुक्ततेच्या जोखडातून सोडवतो, अशा आशयाचे वॉल्टर बेन्यामिनचे प्रतिपादन मला पूर्वी उदात्त वाटे. आता प्रश्न पडतो, की ही सुटका कोणाच्या मोलाने होते? ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही, तेथे गाणे येते ते पात्रांच्या जगण्यातून. फसवून लग्न लावलेली नीरू वृद्ध पतीच्या घरात शोभेची वस्तू होऊन राहावयास नकार देते, आणि तिच्याच गाण्यांची पुस्तिका मी पारदर्शक पिशवीत घालून कपाटात ठेवतो. (तुलना ताणलेली आहे, हे मान्य, पण ती मनातून जात नाही.) शिवाय पुस्तिका जपणे सोपे आहे. चाल जपावयाची तर माणसांकडे जावे लागते, आणि ती माणसे थोडीच उरली आहेत.

हल्ली मी आजींकडे वही घेऊन बसतो. पुस्तिका उजेडात तिरकी धरली की पुसलेल्या रेघांचे वळ अजून दिसतात. आतापर्यंत चार जागा लागल्या आहेत.