आखाजीचा झोका आणि खोपोलीची सहल

मौजेवर खर्च झालेला पैसा धर्माच्या हिशेबात कुठे मांडायचा? असोद्यातल्या आमच्या घरात सध्या हा प्रश्न रोज जेवणाच्या वेळी निघतो. पुण्याच्या मुलाच्या मनात आहे की सुट्टीत सगळ्यांनी मिळून खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात जावं. सासूबाई म्हणतात, तेवढ्या पैशात सगळ्यांचं शेगावचं दर्शन होईल, वर अन्नदानालाही काही देता येईल. शेगाव आमच्या पूर्वेला, खोपोली नैर्ऋत्येला. एका फेरीत दोन्ही होणार नाही.

सासूबाईंचं म्हणणं मला परकं नाही. त्यांच्या वेळी बाईला घराबाहेर पडायचं तर देवाचं निमित्त लागायचं. चैत्रात सप्तशृंगी, आषाढीला मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूर. पण त्या वाटेवरच्या ज्या गोष्टी त्या आजही रंगून सांगतात, त्या फुगड्यांच्या, गाण्यांच्या, जत्रेतल्या पाळण्याच्या असतात. वारीच्या रिंगणात घोडा धावतो, माणसं नाचतात, म्हातारी माणसं पोरांसारखी उड्या मारतात. हा खेळ भक्तीतून बाजूला काढून दाखवा म्हटलं तर कोणाला जमेल? शेगावच्या संस्थानानेही गजानन महाराजांच्या गावात आनंदसागर उभारलं ते तळं, बाग आणि पोरांची छोटी आगगाडी घेऊन. मध्यंतरी काही वर्षं ते बंद होतं, तेव्हा हळहळणाऱ्यांत आमच्या सासूबाईही होत्या.

आपल्या खानदेशात तर याचं उत्तर आखाजीनेच देऊन ठेवलंय. अक्षय्य तृतीयेला सकाळी पितरांची घागर भरायची, पुरणपोळी नि आंब्याच्या रसाचा नैवेद्य दाखवायचा आणि त्याच दिवशी कडुनिंबाला बांधलेल्या झोक्यावर माहेरवाशिणींनी उंच उंच जायचं. मेलेल्यांची आठवण आणि जित्यांचा खेळ एकाच दिवशी. बहिणाबाई चौधरी १८८० साली याच असोद्यात जन्मल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या माउलीने आखाजीवरही गाणं रचलं. सासरी वर्षभर राबणाऱ्या बाईला त्या झोक्याचं मोल काय असतं, हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही.

म्हणून मौज म्हणजे पाप, हे मला पटत नाही. चार पुरुषार्थांत काम आहेच, आणि गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत सांगतात की धर्माच्या आड न येणारी इच्छा म्हणजे मीच. मग इच्छा धर्माच्या आड केव्हा येते? माझ्यापुरतं उत्तर असं: आपल्या मौजेचा भार तिच्यात वाटा नसलेल्या माणसावर पडला, की ती धर्माच्या आड आली.

मुलाने आधी दिवाळीची तारीख काढली होती. दिवाळीत आमचं शेत पांढरंफेक असतं. कापूस वेचायला गावातल्या बाया येतात, सातपुड्याकडचे पावरा मजूर बिऱ्हाडासकट येतात. किलोवर मजुरी असते. आम्हाला सहलीला निघायचं म्हणून त्यांना सणाच्या दिवशीही वेचणीला लावायचं, नाहीतर हिशेब आम्ही परत येईपर्यंत थांबवायचा. त्यांच्या लेकरांची दिवाळी कापून आमच्या नातवंडांना पाळण्यात बसवायचं. मी मुलाला हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "माय, मग नाताळात जाऊ." नाताळात गर्दी जास्त, तिकीटही चढं. तरी ती तारीख मला चोख वाटते. तोवर वेचणीचा मोठा जोर ओसरलेला असतो आणि सगळ्यांची मजुरी ज्याच्या त्याच्या हातात पडलेली असते.

दुसरा प्रश्न सालदाराचा. आखाजीला त्याचं जुनं साल संपतं, नवं ठरतं. मधल्या काळात आम्ही गावाला गेलो की गव्हाचं पाणी आणि गुरं त्याच्याच गळ्यात. या वेळी त्याला विचारून ठरवलंय. आम्ही परतलो की त्याने बायको-पोरांना घेऊन मनाला येईल तिकडे जायचं, गाडीभाडं आमच्याकडून. तेवढे दिवस गुरांचं शेण मी नि सून काढू.

सासूबाईंना इमॅजिकाचे उंच पाळणे झेपणार नाहीत. केवळ पोरांच्या हट्टासाठी त्यांना दिवसभर बाकावर बसवून ठेवणं म्हणजे पुन्हा तोच भार, या वेळी घरातल्याच माणसावर. म्हणून त्यांचं शेगाव आधी होईल, दिवाळीनंतर, आणि मी त्यांच्याबरोबर जाईन. खोपोलीला त्या आल्या तर स्वतःच्या हौसेने येतील. दोन्ही प्रवासांचा खर्च मी घरच्या वहीत एकाच पानावर, एकाच सदरात लिहिणार आहे.