शिक्का आणि पोलाद

टूलरूममध्ये आयुष्य गेल्यामुळे माझा भरवसा कानशीवर. पुतण्याने ‘का-बार’चा सुरा आणला: अमेरिकी मरीन दलाने १९४२ साली स्वीकारलेला नमुना, सात इंची पातं, शिक्का झकास, बिल मात्र नाही. अस्सलाचं पोलाद रॉकवेल ५६ ते ५८ इतकं कठीण. इथे कानस लोण्यात रुतावी तशी रुतली.

खरं-खोटं ठरवायचा वाद आपल्या दर्शनांतही आहे. मीमांसक ज्ञानाला स्वतःप्रमाण, म्हणजे मुळातच खरं, मानतात. नैयायिक म्हणतात, व्यवहारात उतरलं तरच खरं. मी नैयायिकांकडे. “काका, पण हा छान कापत असता तर?” तरीही खोटाच! शिक्का म्हणजे शब्दप्रमाण, आणि तो मारणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह सांगणारा, नव्हता. पोलादाचा बिचाऱ्याचा काय दोष? घ्यायचाच असेल तर अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट घ्या.