एफ्फाथा : कान उघडणारे हात



३ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा संत ब्लेझ यांचे स्मरण करते. चौथ्या शतकाच्या आरंभी ते आर्मेनियातील सेबास्ते नगराचे बिशप होते. परंपरा सांगते की ते वैद्य होते आणि घशात माशाचा काटा अडकलेल्या एका मुलाला त्यांनी वाचवले. म्हणून त्या दिवशी दोन मेणबत्त्या फुलीसारख्या गळ्याशी धरून घशाचा आशीर्वाद दिला जातो. पाठोपाठ ११ फेब्रुवारीला जागतिक रुग्ण दिन येतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो १९९२ साली घोषित केला. या निमित्ताने रुग्णालयातील अशा एका विभागाविषयी लिहावेसे वाटते, ज्याची आठवण आपल्याला कान ठणकू लागल्यावरच येते. तो म्हणजे कान-नाक-घसा विभाग.

आपल्याकडे शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. पण कानाची मोठी शस्त्रक्रिया म्हटली की आसनगावहून लोकल किंवा मुरबाडहून एस.टी. धरून कळवा, सायन, जे.जे. किंवा के.ई.एम. गाठावे लागते. एका केसपेपरसाठी एका दिवसाची मजुरी बुडते. रांगेत उभे राहून आपण थकतो आणि खिडकीपलीकडचा माणूसही सकाळपासून थकलेला आहे हे विसरतो.

मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायाच्या शेवटी एका बहिऱ्या व बोबड्या माणसाची हकिकत आहे. ती या विभागाच्या दाराशी बसून वाचावी, इतकी तिथल्या कामाशी जुळते.

पहिली गोष्ट, तो माणूस स्वतःहून आला नाही, लोकांनी त्याला आणले. बहिरेपण बाहेरून दिसत नाही. मूल हाकेला वळत नाही, तेव्हा घरातले म्हणतात, "याचे मामासुद्धा उशिराच बोलायला लागले!" पण भाषा शिकण्याची वर्षे थांबून राहत नाहीत. बाळाची श्रवण चाचणी पहिल्या महिन्यात, पक्के निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असे तज्ज्ञ सांगतात. गावोगाव फिरणाऱ्या आशाताई आणि २०१३ पासून अंगणवाडीत व शाळेत मुले तपासायला येणारी आरोग्य पथके आज हे 'आणण्याचे' काम करीत आहेत.

दुसरी गोष्ट, प्रभूने त्याला गर्दीतून बाजूला घेतले. श्रवणतज्ज्ञ नेमके हेच करतात. आवाजबंद खोलीत रुग्णाला बसवून ते एक-एक सूर ऐकवतात आणि त्याचे बोट वर होण्याची वाट पाहतात. म्हातारी आजी गोंधळते, मूल रडते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. या कामात घाई चालत नाही.

तिसरी गोष्ट, प्रभूने त्याच्या कानांत बोटे घातली आणि जिभेला स्पर्श केला. दुरून आशीर्वाद दिला असता तरी चालले असते, पण त्याने शरीर टाळले नाही. या विभागातील सिस्टर, डॉक्टर, वॉर्डबॉय आणि मावशी रोज काय हाताळतात? वीटभट्टीवर आईवडिलांबरोबर फिरणाऱ्या मुलाचा वर्षानुवर्षे वाहणारा कान. नाकात अडकलेला चणा. खेळण्यातला बटण सेल, जो काही तासांत नाकाची आतली त्वचा जाळतो. गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवलेला कर्करोगाचा रुग्ण. त्याला हाक मारता येत नाही. नळीत कफ साचला की तो फक्त डोळ्यांनी बोलावतो आणि रात्रपाळीची सिस्टर ते डोळे वाचते. २०२० साली कोरोना नाका-घशात असताना हीच माणसे त्या नाका-घशासमोर उभी होती. २०२१ साली काळ्या बुरशीने महाराष्ट्राला ग्रासले, तेव्हा सडलेले सायनस तासन् तास साफ करणारे हातही त्यांचेच होते.

चौथी गोष्ट, प्रभूने स्वर्गाकडे पाहून उसासा टाकला. देवाच्या पुत्रालाही दुसऱ्याच्या दुःखाचा भार जाणवला. मग कर्मचाऱ्याच्या उसाशाला आपण लगेच उर्मटपणा का म्हणतो? क्वचित कोणी तुटकपणे बोलतही असेल आणि त्याची तक्रार जरूर करावी. पण रुग्णालयातील माणसांवर हात उगारणाऱ्यांसाठी महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला, ही आपल्या समाजाला शोभणारी गोष्ट नव्हे.

अ‍ॅरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाचे निरीक्षण होते की ज्ञान मिळवण्यात दृष्टीपेक्षाही श्रवणाचा वाटा मोठा, कारण शिकणे शब्दांतून होते. संत पौलही रोमकरांस सांगतो की श्रद्धा ऐकण्यातून येते. मग ज्याला ऐकूच येत नाही त्याचे काय? सोळाव्या शतकात स्पेनमधील पेद्रो पोन्से दे लेऑन या बेनेडिक्टाईन मठवासीयाने बहिऱ्या मुलांना शिकवून दाखवले आणि त्यांच्यात बुद्धी नसते हा जुना समज खोटा ठरवला. दार बंद होते ते कानांचे. माणूस आत पूर्ण होता, कोणीतरी दार उघडायला हवे होते. 'एफ्फाथा' म्हणजे 'मोकळा हो'. आपल्या बाप्तिस्म्याच्या विधीतही बाळाच्या कानांना व ओठांना स्पर्श करून धर्मगुरू हीच प्रार्थना करतो.

तेव्हा बंधु-भगिनींनो, या आठवड्यात काही साध्या गोष्टी करू या. ठणकणाऱ्या कानात तेल ओतू नका, पिन घालू नका. मिश्री, तंबाखू, गुटखा घरातून हद्दपार करा. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसला असेल, तर काढा पीत बसू नका, तपासून घ्या. शेजारचे मूल हाकेला वळत नसेल, तर त्याच्या आईला धीर द्या, तिच्याबरोबर रुग्णालयात जा. घरातील आजोबांशी ओरडून नव्हे, समोर बसून सावकाश बोला. मंदिरात ऐकू न येणाऱ्यांसाठी पुढचे बाक मोकळे ठेवा. आणि केसपेपरच्या खिडकीवर, ड्रेसिंगच्या टेबलाशी, फरशी पुसणाऱ्या मावशीला एकदा तरी "ताई, आभारी आहे" म्हणा.

त्या माणसाला बरे केल्यावर प्रभूने लोकांना ही गोष्ट कोणालाही न सांगण्याची ताकीद दिली. या विभागातील माणसांचेही तसेच आहे. ज्याचा कान बरा झाला तो आनंदाने गावी जातो, बरे करणाऱ्याचे नाव त्याला ठाऊकही नसते. पण पित्याला ते ठाऊक आहे. त्या सर्वांसाठी येत्या रुग्ण दिनी आपण मिस्सामध्ये प्रार्थना करू या.

प्रभू आपले कान, आपली जीभ आणि आपली अंतःकरणे मोकळी करो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू