पंचाची कबुली

शास्त्रभाग : १ शमुवेल १५:१०-३१, २ शमुवेल १२:१-१४



बेसबॉलचा खेळ आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला असेल. आम्हीही तो मैदानावर जाऊन कधी पाहिलेला नाही. परंतु २ जून २०१० रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी झालेल्या एका सामन्याची हकीगत वाचल्यापासून त्यातील पंच आमच्या मनातून जात नाही.

या खेळात चेंडू टोलवल्यावर फलंदाज पहिल्या बेसकडे धावत सुटतो. तो पोहोचण्यापूर्वी चेंडू हाती असलेल्या खेळाडूचा पाय बेसला लागला की फलंदाज बाद. आपल्या क्रिकेटमधील धावचीतसारखेच म्हणा ना! सामन्यात २७ फलंदाज बाद करावयाचे असतात. एकालाही बेसवर पोहोचू न देता एकट्या गोलंदाजाने हे साधले, तर तो ‘परफेक्ट गेम’, म्हणजे निर्दोष सामना. १८८० पासून त्या दिवसापर्यंत तेथील वरिष्ठ स्पर्धांत असे केवळ २० वेळा घडले होते.

त्या संध्याकाळी व्हेनेझुएलाचा अर्मांडो गॅलारागा याने ओळीने २६ जण बाद केले. सत्ताविसाव्याने चेंडू टोलवला, एका सहकाऱ्याने तो अडवून फेकला आणि गॅलारागाने स्वतः धावत येऊन पहिल्या बेसवर झेलला. फलंदाज अजून पाऊलभर मागे होता. तेथे उभे होते पंच जिम जॉइस, वीस वर्षांहून अधिक अनुभवाचे. अशा वेळी पंच नजर बेसवरील पायांवर ठेवतो आणि चेंडू हातमोज्यात आपटल्याचा आवाज कानांनी टिपतो. डोळा आणि कान यांच्यामधल्या त्या क्षणात सारा निकाल. जॉइस यांनी दोन्ही हात पसरले : नाबाद!

गॅलारागा फक्त हसला. परत आपल्या जागी गेला आणि पुढचा फलंदाज बाद करून त्याने सामना संपविला.

अशा निकालासाठी चित्रफीत पाहून निर्णय फिरविण्याची सोय तेव्हा नव्हती. ती २०१४ साली आली. सामन्यानंतर पंचांच्या खोलीत जॉइस यांनी चित्रफीत पाहिली आणि आपली चूक त्यांना दिसली. गोंगाट फार होता, अंतर थोडे होते, असे म्हणता आले असते, आणि ते खोटेही ठरले नसते. त्यांनी वार्ताहरांपुढे सरळ सांगितले की चूक माझी आहे, त्या मुलाचा विक्रम माझ्यामुळे गेला. मग त्यांनी गॅलारागाला भेटावयास बोलाविले. रडत क्षमा मागितली. त्याने त्यांना मिठी मारली.

आता शौलाकडे पाहू या. शमुवेलाने जाब विचारला तेव्हा शौलानेही पाप कबूल केले होते, हे आपण पुष्कळदा विसरतो. दावीदाच्या तोंडी जे शब्द आले, जवळजवळ तेच त्याच्याही तोंडी होते. मग फरक कोठे? शौलाने आधी दोष लोकांवर ढकलला. आणि कबुली देऊन लगेच विनंती केली की वडीलजनांपुढे माझा मान राखावा (१५:३०). दावीदाने काहीच मागितले नाही. त्याला क्षमा मिळाली, पण मूल वाचले नाही. जॉइस यांच्या कबुलीनेही निकाल बदलला नाही. बेसबॉलच्या आयुक्तांनी तो फिरविण्यास नकार दिला आणि आजही नोंदीत तो निर्दोष सामना नाही.

कमिटीच्या सभांत आपण ज्या कबुल्या देतो, त्या बहुतेक शौलाच्या असतात, असे आम्हास वाटते. “चुकले असेल, पण परिस्थिती तशी होती.” हे वाक्य कोणी ऐकले नाही?

आणि आम्ही स्वतः? काही वर्षांपूर्वी शब्बाथ शाळेच्या पाठांतर स्पर्धेत आम्ही परीक्षक होतो. एका मुलीने स्तोत्र म्हटले. दोन शब्द चुकले म्हणून आम्ही गुण कापले आणि बक्षीस दुसऱ्या मुलाला गेले. घरी येऊन पडताळले तो काय, तिने नव्या भाषांतराप्रमाणे अचूक म्हटले होते; आमच्या डोक्यात जुने भाषांतर होते. आम्ही कोणास काही बोललो नाही. परीक्षकाचा मान जाईल, असे वाटले. मान कोणाचा, तर शौलाचाच की!

डेट्रॉइटला दुसऱ्या दिवशी दुपारीच पुन्हा सामना होता. जॉइस यांना सुटी घेण्याची मुभा होती, पण ते मैदानावर उतरले. खेळाडूंची यादी पंचाच्या हाती देण्याचा तेथे रिवाज आहे. ती घेऊन त्या दिवशी गॅलारागाच आला. पंचाने डोळे पुसले, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि खेळ सुरू केला. त्याच महिन्यात एका नियतकालिकाने शंभर खेळाडूंना सर्वोत्तम पंच कोण असे विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी जॉइस यांचेच नाव घेतले.

ती मुलगी आता स्वतः लहान वर्गाला शिकवते. हे मासिक तिच्याकडेही जाते. छापून क्षमा मागणे सोपे, शिवाय त्यात चारचौघांत मानही मिळतो; म्हणून हा अंक निघण्यापूर्वी आम्ही तिच्या घरी जाऊन आलो. तिला ते स्तोत्र अजून पाठ होते. तिने ते पुन्हा म्हणून दाखविले आणि आम्ही नवे भाषांतर उघडून ऐकले.